दारावरचा निरीक्षक : कलकत्त्यातल्या एका कायद्याची गोष्ट



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, कर्नलसाहेबांनी पानिपत सोडलं, पलाशी सोडली आणि हे काय काढलं? विषय असा आहे : मुक्या जनावरांचे हाल होतात का, हे बघायला सरकारचा अधिकृत माणूस दारावर आला आणि त्याला कोणी आत येऊ दिलं नाही, तर कायदा काय करतो? हा कायदा आला कुठून? आणि जनावराला मारल्याच्या दंडापेक्षा निरीक्षकाला अडवल्याचा दंड काही ठिकाणी मोठा का आहे?

ज्यांनी आधीचे भाग पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी निवृत्त फौजी. नोकरीचा शेवट पूर्वेकडे झाला आणि मी इथेच राहिलो, कोलकात्याच्या दक्षिणेला बेहाल्यात. डायमंड हार्बर रोडवर पूर्वी ट्राम होती, आता डोक्यावरून मेट्रो जाते. गल्लीत मला ‘कर्नलदा’ म्हणतात. मराठी म्हणून कधीकधी ‘बर्गी’ अशी थट्टाही होते. १७४२ साली आपल्या स्वारांच्या भीतीनं या शहरानं खंदक खणायला घेतला होता, ती आठवण इथल्या अंगाईगीतांतही आहे. पण आजची गोष्ट घोडेस्वारांची नाही. गाडीवानांची, गवळ्यांची आणि सर्कसवाल्यांची आहे.

सुरुवात इंग्लंडपासून करू, कारण कायद्याचा साचा तिथला. १८२२ साली रिचर्ड मार्टिन नावाच्या खासदारानं पार्लमेंटमध्ये गुराढोरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा मंजूर करून घेतला. शिक्षा होती दहा शिलिंग ते पाच पौंड दंड. कायदा झाला, पण त्याची अंमलबजावणी कोण करणार? आधुनिक पोलीसदल अजून लंडनमध्येसुद्धा नव्हतं. म्हणून १८२४ साली काही मंडळी एका कॉफीगृहात जमली आणि त्यांनी संस्था काढली. तिला १८४० साली राणीची मान्यता मिळाली आणि ती ‘रॉयल’ झाली. या संस्थेनं पगारी निरीक्षक नेमले. बाजारात, खाटीकखान्यात, कोंबड्यांच्या झुंजीत ते जात. १८३८ साली हॅनवर्थ इथं अशी एक झुंज थांबवायला गेलेला जेम्स पायपर नावाचा निरीक्षक जमावाच्या मारहाणीत जबर जखमी झाला आणि त्यातच गेला. म्हणजे निरीक्षकाला अडवणं हा प्रश्न पहिल्या पिढीपासूनचा आहे.

आता आपल्याकडे या. त्याच सुमाराला, १८३२ च्या जून महिन्यात, मुंबईत उलटीच घटना घडली. मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता आणि प्रत्येक कुत्र्यामागे शिपायाला बक्षीस मिळत होतं. बक्षिसाच्या लोभानं शिपाई लोकांच्या घराच्या आवारात शिरून पाळलेली कुत्रीही मारू लागले, अशी तक्रार झाली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. ६ जूनला कोटात जमावानं कुत्री मारणाऱ्या गोऱ्या शिपायांना गाठून मारलं. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, सैन्याच्या रसदीचीसुद्धा अडवणूक. त्यात पारश्यांबरोबर हिंदू आणि जैनही होते. सरकारनं सैन्य आणून दंगा मोडला आणि काहीजणांना शिक्षा झाली.

इथं सरकारी कामात अडथळा आणणारे लोक जनावराच्या बाजूचे होते आणि सरकारी माणूस जनावर मारणारा होता. ‘सरकारी माणसाला अडवणं’ हा गुन्हा नेहमी एकाच बाजूला नसतो, हे मुंबईनं फार लवकर दाखवून दिलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता कलकत्ता. याच १८३२ साली कोल्सवर्दी ग्रँट नावाचा एक इंग्रज तरुण इथं आला. चित्रकार माणूस. शहरातल्या माणसांची, नोकरचाकरांची, खेड्यांची रेखाचित्रं काढायचा. पुढे त्यानं प्रेसिडेन्सी कॉलेजात चित्रकला शिकवली. चित्रकाराची नजर म्हणजे बारकाईची नजर. गंगेच्या घाटावरून ताग, मीठ, कापड वाहणाऱ्या गाड्यांचे बैल त्यानं रोज पाहिले. मानेला चिघळलेल्या जखमा आणि त्यावरच परत जू. १८६१ साली त्यानं कलकत्त्यात प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था उभी केली. ही आशियातली अशा प्रकारची पहिली संस्था मानली जाते. १८८० मध्ये ग्रँट वारला. राइटर्स बिल्डिंगजवळ त्याच्या स्मरणार्थ एक दगडी स्तंभ आहे. रोज हजारो माणसं त्याच्या बाजूनं बस पकडतात, पण नाव वाचणारा विरळा.

संस्था केवळ साहेबांची होती असं समजू नका. प्यारीचाँद मित्र यांचं नाव बंगाली वाचकाला ‘आलालेर घरेर दुलाल’ या कादंबरीमुळे ठाऊक असतं. हे मित्र या संस्थेच्या कामात अग्रभागी होते. पुढे त्यांनी ग्रँटचं चरित्रही लिहिलं. ते बंगालच्या कायदेमंडळात असतानाच, १८६९ मध्ये, बंगालचा पहिला प्राणिक्रूरता कायदा झाला. आपल्याकडे मुंबईची संस्था १८७४ मध्ये आली. परळचा बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचा जनावरांचा दवाखाना १८८३ चा. म्हणजे या बाबतीत कलकत्ता मुंबईच्या तेरा वर्षं पुढे होतं.

१८९० मध्ये सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी कायदा आला. त्यात एक गंमत होती. जनावराला निर्दयपणे मारणं, ओझ्यानं पिळून काढणं हा गुन्हा होता, पण मुख्यतः तो रस्त्यावर किंवा रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेला पडेल अशा ठिकाणी घडला तर. भिंतीआड काय चालतं, याच्याशी कायद्याचं फारसं देणंघेणं नव्हतं. एका अर्थानं तो कायदा बैलाच्या पाठीपेक्षा बघणाऱ्याच्या डोळ्यांची काळजी घेत होता.

त्यामुळे झालं काय, तर कायद्याच्या तडाख्यात रस्त्यावरचा माणूस सापडला. गाडीवान. त्याला घरात शिरून शोधायची गरजच नव्हती. आणि भिंतीआडचा माणूस सुटला. तो कोण? तर खटालवाला. ‘खटाल’ हा इथला शब्द, आपण मुंबईत तबेला म्हणतो तेच. शहरात दुधाला मागणी फार, जागा महाग. गाय व्यायली की तिला खेड्यातून आणायची, आटली की खाटकाला द्यायची, आणि वासरू पोसायला परवडत नाही म्हणून ते मरू द्यायचं. पण वासरू नसलं की गाय पान्हा चोरते. त्यावर काढलेला उपाय म्हणजे ‘फुका’. गाईच्या योनिमार्गात नळीनं हवा फुंकायची. वेदनेनं गाय दूध सोडते आणि काही काळानं वांझ होते. कलकत्ता या प्रकारासाठी कुप्रसिद्ध होतं.

गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे की, गवळी गाईम्हशींचा कसा छळ करतात याचं वर्णन करणारं साहित्य कलकत्त्याहून त्यांच्या हाती आलं आणि त्याचा त्यांच्यावर फार परिणाम झाला. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, टॉल्स्टॉय फार्मवर, त्यांनी दूध सोडलं. पुढे आजारपणात कस्तुरबांच्या सांगण्यावरून त्यांनी शेळीचं दूध घेतलं, ती गोष्ट आपण सगळेच जाणतो. त्या शेळीमागे कलकत्त्याचे खटाल होते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

फुक्याला १८९० च्या कायद्यात शिक्षा होती आणि १९३८ च्या दुरुस्तीनं ती वाढवली. पण फुका पहाटेच्या अंधारात, बंद दाराआड चालतो. निरीक्षकाला आत शिरायचा अधिकार नसेल, तर शिक्षा कागदावर कितीही मोठी असली तरी काय उपयोग? क्रूरतेविरुद्धचा कायदा नुसत्या शिक्षेनं चालत नाही, त्याला दार उघडून घेण्याचा अधिकार लागतो. फौजेत आम्ही म्हणायचो, जी जागा तुम्ही तपासू शकत नाही ती तुमच्या ताब्यात नाही.

पण थांबा. आता गाडीवानाची बाजू ऐका, कारण ती ऐकल्याशिवाय हा इतिहास अर्धवट राहील.

बंगालनं १९२० साली स्वतःचा नवा, जास्त कडक कायदा केला. पुढे उन्हाळ्याच्या दिवसांत भर दुपारी रेड्यांच्या गाड्या रस्त्यावर आणायला बंदी झाली. यामागचं कारण खरं होतं. म्हैसवर्गीय जनावराचं कातडं काळं, घामाच्या ग्रंथी कमी. त्याला पाण्यात डुंबायला लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात, तापलेल्या रस्त्यावर, ताग लादलेली गाडी ओढताना रेडा कोसळायचा. बंदी जनावराच्या भल्याचीच होती.

गाडीवान कोण होते? बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतातून आलेली माणसं, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. त्यांना मजुरी खेपेवर. दुपारचे तास गेले की एक खेप गेली, म्हणजे संध्याकाळची भाकरी गेली. ओझं किती लादायचं हे गोदामाचा मालक ठरवणार, माल किती वाजता पोचला पाहिजे हे व्यापारी ठरवणार, आणि दंड भरणार गाडीवान. शिवाय पोलीस आणि संस्थेची माणसं वाटेत अडवून पैसे उकळतात, ही त्यांची जुनी तक्रार होती.

१ एप्रिल १९३०. देशाचं लक्ष दांडीकडे होतं, गांधीजी अजून वाटेत होते. कलकत्त्यात गाडीवानांनी संप केला. त्यांच्या संघटनेत अब्दुल मोमिन हे साम्यवादी कार्यकर्ते पुढे होते. गाडीवानांनी रेडे सोडले आणि गाड्या रस्त्यात आडव्या लावल्या. बडाबाजार आणि हावड्याचा पूल यांच्या आसपासचा, शहराच्या व्यापाराची नाडी असलेला भाग ठप्प झाला. पोलिसांनी गोळीबार केला. माणसं मेली.

प्राणिदयेच्या नियमावरून माणसांवर गोळ्या चालल्या, हे वाक्य ऐकायलाच विचित्र वाटतं. मी आयुष्यभर वर्दी घातली. रस्त्यात आडव्या गाड्या दिसल्या की अधिकाऱ्याच्या मनात काय येतं, हे मला कळतं. पण त्या दिवसाचा धडा वेगळा आहे. कायद्याचा हात फक्त गरिबाच्या मानेपर्यंत पोचत असेल, तर ज्याच्यासाठी कायदा केला त्या जनावराचाही त्यात तोटा होतो. गाडीवान आणि रेडा दोघं एकाच जुवाखाली होते. दोघांवर ओझं लादणारा माणूस गोदामात पंख्याखाली बसला होता आणि निरीक्षकाची पावलं त्याच्या दाराकडे वळत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेवर नियुक्त झाल्या. भरतनाट्यम् आणि कलाक्षेत्र यांमुळे आपण त्यांना ओळखतो. त्यांनी प्राण्यांसाठी खासगी विधेयक मांडलं. पंडित नेहरूंनी सरकार स्वतः कायदा आणील असं सांगून ते मागे घ्यायला लावलं आणि समिती नेमली. त्यातून १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आला. १९६२ मध्ये प्राणिकल्याण मंडळ स्थापन झालं आणि रुक्मिणीदेवीच त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

आता या कायद्यातले आकडे नीट ऐका. कलम ११ म्हणजे नेहमीची क्रूरता : मारणं, उपाशी ठेवणं, जखमी जनावराला कामाला जुंपणं. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कलम १२ म्हणजे फुका, आणि आता त्यात दूध वाढवण्यासाठी टोचलेली अपायकारक इंजेक्शनंही येतात : १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि जनावर सरकारजमा.

आणि कलम २६. हे खेळ करणाऱ्या प्राण्यांबद्दल, म्हणजे सर्कशीबद्दल आहे. त्याआधीचं कलम २५ सांगतं की, लेखी अधिकार मिळालेली व्यक्ती, किंवा उपनिरीक्षक आणि त्यावरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी, योग्य वेळी प्राणी ठेवण्याच्या आणि शिकवण्याच्या जागेत जाऊन तपासणी करू शकतो. मग कलम २६ सांगतं : अशा अधिकाऱ्याला जो अडवील, किंवा जाणूनबुजून उशीर करवील, किंवा तपासणी टाळण्यासाठी प्राणी लपवून ठेवील, त्याला ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

म्हणजे पहिल्यांदा हत्तीला अंकुशानं रक्तबंबाळ केलं तर जास्तीत जास्त ५० रुपये. आणि तो हत्ती तंबूच्या मागं लपवला तर ५०० रुपये आणि वर तुरुंगाची शक्यता. पहिल्यांदा वाचलं की वाटतं, कायदा करणाऱ्यांनी आकड्यांची अदलाबदल केली की काय! पण ही भाषा मुळात इंग्लंडच्या १९२५ च्या खेळकरी प्राण्यांच्या कायद्यातून आली आहे, आणि तिच्यामागे विचार आहे. सर्कशीचा खेळ हजारो माणसं बघतात, पण शिकवणी कोणीच बघत नाही. वाघ आगीच्या कड्यातून उडी मारायला कसा शिकला, हे तंबूच्या मागच्या पिंजऱ्याला ठाऊक. आणि तंबू आज इथं, उद्या दुसऱ्या गावाला. निरीक्षकाला दोन तास बसवून ठेवलं की पुरावा रेल्वेत चढतो. म्हणून नुसता उशीर करणं हासुद्धा गुन्हा ठरवला.

आपल्या मराठी माणसाला हे जवळचं वाटायला हवं, कारण हिंदी सर्कशीचा पाया घातला आपल्या विष्णुपंत छत्र्यांनी. किआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत पाहून त्यांनी १८८० च्या सुमारास स्वतःची सर्कस उभी केली. बंगालात प्रियनाथ बोस यांची ग्रेट बेंगॉल सर्कस १८८७ ची. दोन्ही प्रांतांना या इतिहासाचा अभिमान आहे. त्या अभिमानाबरोबर पिंजऱ्याची आठवणही ठेवली पाहिजे. वाघ, सिंह, अस्वल, माकड यांचे खेळ पुढे अधिसूचनेनं बंद झाले आणि सर्वोच्च न्यायालयात ती बंदी २००१ मध्ये टिकली.

या अधिकाराला कायद्यानं कुंपणही घातलं आहे. खेळ चालू असताना निरीक्षकाला रंगमंचावर किंवा त्याच्या मागे जाता येत नाही. आणि कलम २७ नुसार खऱ्याखुऱ्या लष्करी किंवा पोलिसी कामासाठी प्राणी शिकवणं या प्रकरणातून वगळलेलं आहे. म्हणजे आमच्या फौजेच्या दारावर हा निरीक्षक येत नाही. इथं माझे काही मित्र छाती फुगवतात. मी त्यांना सांगतो, बाबांनो, आपल्याला सूट मिळाली कारण आपली तपासणी आधीपासूनच आहे. आपली रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर आपली परंपरा १७७९ पासून, याच बंगालपासून मोजते. मी उंचावरच्या ठाण्यांवर होतो तेव्हा रसद खेचरांवर यायची. दिवसभराची चाल संपली की जवान आधी खेचराचं पलाण उतरवायचा, पाठीवरून हात फिरवायचा, खूर उचलून बघायचा, पाणी दाखवायचा. मग स्वतःचे बूट काढायचा. पाठीला घासल्याची जखम दिसली की त्या खेचराला विश्रांती आणि जवानाला जाब. वरिष्ठ तपासणीला आले की तबेल्याचं दार सताड उघडं असायचं. दयेची गोष्ट सोडा, जखमी पाठीचं खेचर दारूगोळा वर नेत नाही, हे प्रत्येकाला कळत होतं.

आता सर्कस सोडून बाकी जागांचं काय? घर, गोठा, दुकान? तिथं कायदा दोन मार्गांनी चालतो. कलम ३४ नुसार कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाचा पोलीस, किंवा राज्य सरकारनं अधिकार दिलेली व्यक्ती, गुन्हा घडतो आहे असं मानायला कारण असेल तर जनावर ताब्यात घेऊन मॅजिस्ट्रेटकडे किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडे तपासणीला नेऊ शकते. फुक्याचा संशय असेल तर कलम ३२ नुसार उपनिरीक्षक किंवा राज्य सरकारनं अधिकार दिलेला माणूस आत शिरून झडती घेऊ शकतो. एरवी कलम ३३ प्रमाणे झडतीचं वॉरंट. आणि कलम ३४ खाली अधिकार मिळालेली व्यक्ती लोकसेवक मानली जाते. एकदा लोकसेवक म्हटलं की त्याला अडवणं हा सर्वसाधारण फौजदारी गुन्हा होतो. जुन्या दंडसंहितेचं कलम १८६ : तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम २२१ झालं, कैद तेवढीच, दंड २५०० रुपयांपर्यंत. अंगावर हात टाकला तर वेगळं आणि जास्त गंभीर कलम, १३२.

दंड २५०० झाला तो अडवणाऱ्याचा. जनावराचे हाल करणाऱ्याचे ५० रुपये सहा दशकांहून अधिक काळ तसेच राहिले. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या जल्लिकट्टू निकालात या शिक्षा अपुऱ्या असल्याचं सांगून संसदेनं त्यात सुधारणा करावी अशी अपेक्षा व्यक्त केली. २०२२ मध्ये केंद्रानं दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी जाहीरही केला. १९६० मध्ये ५० रुपये म्हणजे गाडीवानाला चिमटा बसेल अशी रक्कम होती. आज तेवढ्यात बेहाला चौरस्त्यावर दोन एगरोलही येत नाहीत.

आता आमच्या गल्लीतली एक गोष्ट सांगतो. एका इमारतीच्या गच्चीवर पत्र्याच्या खोलीत एकजण विकण्यासाठी कुत्र्यांची पैदास करत होता. रात्री रडण्याचा आवाज यायचा, उन्हाळ्यात वास सुटायचा. एका रविवारी प्राणिमित्र असलेली गल्लीतली तीन-चार तरुण मुलं फोनवर चित्रण करत दारात उभी राहिली. मालक जिन्यात आडवा. आवाज चढले. शेजारच्या बौदींनी मला बोलावून आणलं, “कर्नलदा, चलो, हाणामारी होईल.”

मी दोघांना एकेक प्रश्न विचारला. मुलांच्या पुढाऱ्याला, एका कॉलेजकन्येला विचारलं, “बेटा, आत जाण्याचा लेखी अधिकार आहे का?” नव्हता. मालकाला विचारलं, “नोंदणीचा दाखला आहे का?” २०१७ च्या श्वानपैदास नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तोही नव्हता. मुलगी चिडून म्हणाली, “काकू, आत पिल्लं मरतायत आणि हे कागद विचारतायत!” ती मला नाही, बौदींना सांगत होती. तिचा राग खरा होता.

मी तिला म्हटलं, तू आज दार ढकलून आत गेलीस तर उद्या खटला तुझ्यावर होईल, त्याच्यावर नाही. त्यानं तुला अडवलं हा गुन्हा नाही, कारण तू निरीक्षक नाहीस. तोच अधिकारपत्र घेऊन आलेल्या माणसाला अडवील, तर तो गुन्हा. त्याच संध्याकाळी आम्ही लेखी तक्रार केली : तारीख, वेळ, काय ऐकलं, काय दिसलं, साक्षीदार कोण. खाली अकरा सह्या, त्यात बौदींची पहिली. पाठपुरावा करावा लागला. काही दिवसांनी पोलिसांबरोबर अधिकृत माणूस आला, त्यानं पत्र दाखवलं आणि दार उघडलं. आत दोन माद्या आणि सहा पिल्लं होती. तारेच्या जाळीवर उभं राहून माद्यांचे पंजे फाटले होते. त्यांना तिथून हलवलं. एक पिल्लू वाचलं नाही. मुलगी पुन्हा मला म्हणाली, “त्याच दिवशी गेलो असतो तर ते वाचलं असतं.” असेलही. या प्रश्नाला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. पण १८३२ ची मुंबई मला आठवते, जिथं बक्षिसाच्या लोभानं शिपाई लोकांच्या घरात शिरत होते. ज्याला वाटेल त्यानं कोणाच्याही घरात शिरावं अशी मोकळीक दिली, तर ती दयाळू मुलीलाही मिळते आणि काठीवाल्या टोळीलाही. गुरांची वाहतूक करणाऱ्यांना रस्त्यात अडवून, तपासणीच्या नावाखाली मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. इंग्लंडमध्येसुद्धा त्या प्रसिद्ध राजमान्य संस्थेच्या निरीक्षकाला स्वतःच्या बळावर घरात शिरता येत नाही, पोलीस किंवा स्थानिक प्रशासनाचा अधिकारी लागतो.

म्हणून माझं मत असं. अडवण्याची शिक्षा कडक असावी, नक्की असावी. पण तिच्या बदल्यात तीन गोष्टी हव्यात. पहिली, क्रूरतेचा दंड आजच्या पैशात मोजला जावा, नाहीतर दार उघडून आत जाऊन पन्नास रुपयांची पावती फाडण्यात काय अर्थ? दुसरी, निरीक्षक पुरेसे आणि पगारी असावेत. २००१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था असायला हवी. तुमच्या जिल्ह्यात ती आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली, हे एकदा जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून बघा. आणि तिसरी, निरीक्षकानं गाडीवानाबरोबर गोदामवाल्याचंही दार ठोठवावं. १९३० मध्ये ते झालं नाही, त्याची किंमत माणसांनी मोजली आणि रेड्यांनीही.

मुंबईत व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा असल्याचं उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये ठरवलं. इथं व्हिक्टोरिया मेमोरियलसमोर सजवलेल्या घोडागाड्या अजून दिसतात. पाहुणे आले की मैदानाकडे फेरी होतेच. मी गाडीत बसत नाही. घोड्याच्या बरगड्या, खूर आणि तोंडाचा फेस बघतो, आणि गाडीवानाशी दोन शब्द बोलतो. दोघांकडे बघितल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.

तुमच्या गावात जनावरांचा निरीक्षक कोण, हे कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा. पुढच्या भागात पलाशीच्या आंबराईत जाऊ. तोवर काळजी घ्या.

जय हिंद, जय महाराष्ट्र.